रांगेतली जागा

१

आकाश बघायला नवीन माणूस आला की मी त्याला आधी सांगतो, सरळ बघू नका. अंधुक ताऱ्याकडे रोखून बघितलं की तो नाहीसा होतो. नजर जराशी बाजूला न्यायची, आपलं त्याच्याकडे लक्षच नाही असं दाखवायचं, मग तो डोळ्याच्या कडेला येऊन बसतो. आमच्या मंडळात याला तिरकी नजर म्हणतात. डोळ्याच्या पडद्याची कड अंधारात मधल्या भागापेक्षा हुशार असते, एवढंच त्यामागचं शास्त्र.

गेली दोन वर्षं माझ्याकडे ही कडच तेवढी उरली आहे. उजव्या डोळ्याचा मधला भाग गेला, डावा त्याच्या मागोमाग निघालाय. समोरच्या माणसाचे कान मला नीट दिसतात, तोंडाच्या जागी मात्र ओल्या फडक्याने पुसल्यासारखा डाग. आणि जन्मभर धंदा काय केला, तर चष्म्याचं दुकान. निम्म्या गावाचे नंबर मी काढलेत. वरच्याला विनोदबुद्धी आहे म्हणायची.

हे फक्त माझ्या मुलीला माहीत आहे. नवऱ्याचं घर सोडून ती काही वर्षांपूर्वी माझ्याकडे परत आली. दातांच्या दवाखान्यांना कवळ्या बनवून देते, घरीच, मागच्या खोलीत. "तुम्ही डोळे लावून दिलेत, मी दात लावून देते, नाक तेवढं राहिलं," असं ती म्हणते. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. बोलतो कमी, भांडतो जास्त. पण मंडळाच्या रात्री मला गाडीतून घेऊन जाणारी आणि परत आणणारी तीच. तिथे मी सांगतो की या वयात रात्रीची गाडी चालवायचा कंटाळा येतो.

खोटं बोलावं लागतं ते साहेबांमुळे. साहेब आमचे अध्यक्ष, नोकरीतून निवृत्त झाले पण खुर्चीतून अजून उठलेले नाहीत. माझ्या डोळ्यांचं त्यांना कळलं तर घुमटाची किल्ली दुसऱ्या दिवशी त्यांच्या खिशात जाईल. ती मी देणार नाही. आतल्या दुर्बिणीचा आरसा मी या हातांनी घासलाय. अख्खा हिवाळा घासत बसलो होतो, हाताला घट्टे पडले होते.

२

आमचा घुमट म्हणजे गावाबाहेरच्या टेकाडावरचं बंद पडलेलं पंपघर. वर पत्र्याचं गोल छप्पर बसवलंय, ते दोरीने ओढून फिरवायचं. फिरताना ते असं काही कण्हतं की पाहुणे एकमेकांचे हात धरतात. दारापासून दुर्बिणीपर्यंत भिंतीला लोखंडी कठडा आहे. कठडा धरून रांगेत उभं राहायचं आणि अंधारात एकेक पाऊल सरकायचं. मी दुर्बिणीपाशी स्टुलावर बसतो. शेजारी मोटरची टिकटिक चालू असते. ही मोटर दुर्बिणीला ताऱ्यांच्या मागेमागे फिरवत नेते. ती घड्याळजीने बनवली. घड्याळजीचं दुकान माझ्या दुकानाला लागून. माझा एकुलता एक मित्र आणि एक नंबरचा टवाळ.

मंडळाचा नियम एकच, आणि तो मी केलेला. पांढरा उजेड करायचा नाही, कोपऱ्यात मंद लाल दिवा तेवढा चालतो. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास लागतो आणि ती मोडायला एक टॉर्च पुरते. खालच्या रस्त्याला गाडी वळली, तिचे दिवे आत येणार असं दिसलं, की ज्याला आधी दिसेल त्याने "उजेड!" असं ओरडायचं. बाकीच्यांनी आहे तिथे थांबून डोळे घट्ट मिटायचे, तो "झालं" म्हणेपर्यंत. कोणाला काही कारणाने टॉर्च लावावाच लागला, तर त्यानेही आधी ओरडायचं. आम्हाला याची इतकी सवय झाली आहे की घरी गेलेली वीज परत आली तरी आमचे डोळे आधी मिटतात.

आज शनी बघायचा होता. पाहुणे कमी, मंडळातलेच सात-आठ जण. रांगेचा आवाज मला पाठ आहे. एकाचं बघून झालं की पावलं सरकतात, खस, खस, खस, एकामागून एक. आज मध्येच एक पाऊल चुकत होतं. खस, खस, मग काहीच नाही, मग पुढचं खस.

"बाई, मध्ये जागा सोडू नका, पुढे सरका," मी म्हणालो. बाई शाळेत भूगोल शिकवतात.

"पुढे आहेत की," बाई म्हणाल्या.

"कोण आहे?"

"अं?" बाई थांबल्या. मग हसल्या. "अगंबाई, कोणीच नाही. मला वाटलं कोणीतरी उभं आहे."

त्या सरकल्या. पुढच्या खेपेला रांग हलली आणि जागा परत पडली. बाईंच्या ते लक्षातही आलं नाही. त्यांच्यापुढे घड्याळजी उभा होता, आणि त्या दोघांच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा.

मी कोपऱ्यातल्या लाल दिव्याकडे बघत राहिलो आणि रांग डोळ्याच्या कडेला येऊ दिली. तिथे कोणीतरी उभं होतं. रांगेत माणूस उभा राहतो तसंच, एक हात कठड्यावर. बाकी सगळ्यांची तोंडं वर होती, छपराच्या फटीतल्या आभाळाकडे. याचं तोंड खाली होतं. ते घड्याळजीच्या मानेकडे बघत होतं.

सरळ बघितलं तर माझा नेहमीचा डाग. मी घाबरलो नाही. डॉक्टरांनी मला आधीच सांगून ठेवलंय की डोळ्याचा मधला भाग गेला की मेंदू रिकाम्या जागी मनाला येईल ते भरतो. कोणाला फुलं दिसतात, कोणाला बुटकी माणसं. माझ्या मेंदूने रांगेत एक गिऱ्हाईक वाढवलं, बस.

घड्याळजीची पाळी आली. त्याने दुर्बिणीला डोळा लावला.

"अरे, कोण डोळे झाकतंय माझे?" तो म्हणाला.

"भिंगाची टोपी काढली का ते बघ," मी म्हणालो. सगळे हसले. घड्याळजी काही बोलला की हसायचं असतं.

"टोपी नाही रे. काढा हात, पुरे आता."

तेवढ्यात दाराशी कोणीतरी "उजेड!" म्हणून ओरडलं. खालून एखादी गाडी आली असावी. आम्ही डोळे मिटले. "झालं" ऐकू आलं तेव्हा दुर्बिणीपाशी कोणी नव्हतं. हा पठ्ठ्या न सांगता निघून गेला होता. चेष्टा अंगाशी आली की असाच जातो.

३

परतताना गाडीत मी धुमसत होतो.

"घड्याळकाका कुठे गेले?" मुलीने विचारलं. ती खाली गाडीत बसून वाट बघत असते, वर फारशी येत नाही.

"गेला असेल घरी. त्याला कोणाची पडली आहे? एक शब्द सांगून जाता येत नाही."

"तुम्ही तरी कधी सांगून गेलात? आई तापाने फणफणली होती तेव्हा तुम्ही टेकडीवरच होतात."

हे वाक्य दर पंधरा दिवसांनी निघतं. तिने गिअर असा टाकला की गाडी शिंकली. थोड्या वेळाने तीच जरा मऊ आवाजात म्हणाली, "लहानपणी मला रांगेत पुढे उभं करून तुम्ही मागून माझे डोळे झाकून धरायचात. आठवतं?"

"पाळी येईपर्यंत डोळे तयार राहावेत म्हणून."

"मला वाटायचं, तुम्ही लाड करताय."

लाडच होते ते. तेवढंच मला जमायचं. पण हे तिला सांगायचं कसं, ते मला आजही कळत नाही. तिचा चेहरा बघायचा तर मला तिच्याकडे बघणं सोडून खिडकीबाहेर बघावं लागतं. मी काचेकडे तोंड केलं. डोळ्याच्या कडेला ती आली, आईसारखी हनुवटी, कानामागे खोचलेली बट, नखांत अडकलेली प्लास्टरची पांढरी भुकटी. तिला वाटलं असणार, म्हाताऱ्याने नेहमीप्रमाणे तोंड फिरवलं.

४

मोटर बंद पडली म्हणून साहेबांनी फोन केला. दुपारीच मुलीला घेऊन टेकडीवर गेलो. उन्हात घुमट म्हणजे पत्र्याचा डबा, आत तापलेल्या ग्रीसचा वास. साहेब कंबरेवर हात ठेवून उभे होते.

"दुरुस्त करा," ते म्हणाले.

"मी? मी चष्मेवाला. मला चाकांतलं काय कळतं?"

"मग बनवली कोणी होती? तुम्हीच ना?"

मी नाही बनवली. साहेबांनी तर नाहीच, त्यांना पेन्सिलला टोक काढायला शिपाई लागायचा. बाईंना फोन लावला, त्या म्हणाल्या, "तुम्हीच बनवली असेल असं मी धरून चालले होते." मोटरच्या पितळी पेटीत बारीक दातांची चाकं एकमेकांत इतकी नेटकी बसवली होती की बघून हेवा वाटावा. असा कारागीर आमच्यात कोणी नव्हता. विकत आणल्याचंही कोणाला आठवत नव्हतं.

साहेब कोणाला तरी बोलवायला म्हणून बाहेर गेले. मुलगी फोनमध्ये काहीतरी शोधत होती.

"बाबा, हे 'घड्याळकाका' कोण?"

"कोण घड्याळकाका?"

"माझ्या फोनमध्ये नंबर आहे. मीच ठेवलेला असणार. पण मला कोणी आठवत नाही." तिने फोन माझ्यापुढे धरला. माझ्यापुढे काय धरतेस, तोही मला डागच. "नाव बघून बरं वाटतंय, आणि माणूस आठवत नाही. असं कसं होईल?"

"लाव की. बोलणारा सांगेल कोण ते."

तिने लावला. घुमटात, आमच्या मागे, भिंतीवर काहीतरी घरघरलं.

दारामागच्या खुंटीला एक जुनं जाकीट टांगलं होतं. कोपरावर चामड्याची ठिगळं, खिशाजवळ तेलाचे डाग. ते मी तिथे किती वेळा बघितलं असेल, कोणाचं म्हणून विचारलं नव्हतं. त्याच्या खिशात फोन थरथरत होता आणि जाकीट भिंतीवर बारीक बारीक हलत होतं. मुलीने खिशात हात घातला नाही. मीही घातला नाही. आम्ही दोघं तो थांबेपर्यंत उभे राहिलो.

"परवा रात्री गाडीत तुम्ही कोणावर तरी चिडला होतात," ती हळू आवाजात म्हणाली. "न सांगता गेला म्हणून."

"हो."

"कोणावर?"

राग मला अजूनही छातीत जाणवत होता. ज्याच्यावर होता तो माणूस मात्र तिथे नव्हता.

५

माझ्या दुकानाशेजारच्या दुकानाचं शटर बंद आहे. वर पाटी आहे, घड्याळं दुरुस्त करून मिळतील. पलीकडच्या शिंप्याला विचारलं, हे दुकान कोणाचं? तो म्हणाला, बंदच असतं ते. मग शटरच्या कुलपाकडे बघून म्हणाला, "पण कुलूप कसं पुसल्यासारखं आहे हो?"

आपलं वय झालं, विसर पडतो, हे मला मान्य आहे. पण विसर काय सर्दी आहे, सगळ्यांना एकदम व्हायला? बाईंना, साहेबांना, शिंप्याला, माझ्या धडधाकट मुलीला? मी ते सगळ्या बाजूंनी फिरवून बघितलं आणि फिरून एकाच जागी आलो. आमच्यात एक माणूस होता. आता नाही, आणि तो गेल्याचंसुद्धा आम्हाला कळलेलं नाही. रांगेतली जागा त्याच्या मागे होती, आणि ती बघणारा मी एकटा, कारण तिरकं बघण्यावाचून मला गत्यंतर नाही.

शहाण्या माणसाने इथे मंडळाला रामराम ठोकला असता. मीही ठरवलं होतं की शनिवारी जायचं नाही. शुक्रवारी साहेबांचा फोन आला. "तब्येत बरी नाही का? मग किल्ली पाठवून द्या, आम्ही बघतो." त्या 'आम्ही बघतो'ने माझं डोकं फिरलं.

"येतोय मी," मी म्हणालो.

"कशाला जाताय?" मुलगी म्हणाली. "मला त्या जाकिटाची अजून स्वप्नं पडतात."

"तू गाडीतच बस. वर यायचं नाही. काय वाटेल ते झालं तरी यायचं नाही."

"मला तर तुम्ही कायम गाडीतच बसवलंत," ती म्हणाली आणि मागच्या खोलीत निघून गेली. रात्री उशिरापर्यंत तिथे कानस चालल्याचा आवाज येत होता.

६

आता जे झालं ते मी लगेच सांगतोय, कारण सकाळपर्यंत मला ते सांगता येईल की नाही, माहीत नाही.

रांग लहान होती. मोटर साहेबांच्या माणसाने कशीबशी चालू केली होती, तिची टिकटिक लंगडत होती. मी स्टुलावर बसून लाल दिव्याकडे बघत होतो. खस, खस, खस. सगळी पावलं बरोबर. मला वाटलं, गेलं ते. इतकं हलकं वाटलं की बाईंना मी एक विनोद सांगितला.

मग दाराकडून आणखी एक पाऊल आलं आणि रांगेला लागलं. ही चाल मला कुठेही ओळखू येते, उजवी टाच जरा घासत चालते ती.

"ताई आल्या वाटतं," बाई म्हणाल्या. "या, या. आज पहिल्यांदा रांगेत."

"खाली जा," मी म्हणालो.

"मलाही बघायचंय, बाबा. सगळ्या गावाला दाखवता, मला लहानपणानंतर एकदा तरी दाखवलंत का?"

"काका, बघू द्या की पोरीला," साहेब म्हणाले. "तुमची दुर्बीण झिजत नाही." आणि त्यांनी मोठेपणाने तिला पुढे घातलं, अगदी पुढे, दुर्बिणीपाशी. रांग मागे सरली. खस, खस, मग काहीच नाही, मग खस.

मी दिव्याकडेच बघत होतो. माझी मुलगी डोळ्याच्या कडेला उभी होती. तिच्यामागे ते होतं. कठड्यावरचा त्याचा हात निघाला.

मला उजेड हवा होता, एवढंच. भरपूर पांढरा उजेड, म्हणजे सगळ्यांना दिसेल, सगळे ओरडतील. स्टुलाखाली मोठा टॉर्च असतो. मी तो ओढून काढला. आणि बटण दाबायच्या आधी, मूर्खासारखा, इतक्या वर्षांच्या सवयीने, मी ओरडलो, "उजेड!"

सगळ्यांनी डोळे मिटले. साहेबांनी, बाईंनी, तिनेही, कारण सगळ्यात आधी हा नियम मी तिलाच शिकवला होता. मी स्वतःसुद्धा मिटले. हातात पेटलेला टॉर्च, आणि सबंध घुमटात बघणारं कोणी नाही.

"बाबा," ती म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं, लहानपणचं. "हात किती गार झालेत तुमचे."

मी डोळे उघडले. समोर डाग होता. मी मान फिरवली, भिंतीकडे, आणि ती कडेला आली. तिचे डोळे मागून कोणीतरी झाकले होते. मी झाकायचो तसेच, दोन्ही अंगठे कानांवर टेकवून. ती मान जरा मागे टाकून उभी होती, आपली पाळी येईल म्हणून. त्या हातांच्या मागचं तोंड तिच्या खांद्यावरून वर यायला लागलं. तेवढंच बघितलं मी. माझ्या हातून टॉर्च पडला.

"झालं का?" बाईंनी डोळे मिटूनच विचारलं. "झालं म्हणा की."

७

"मुलगी? खाली गाडीत असेल," साहेब म्हणाले. टेकाड उतरताना ते म्हणाले, "कोण बरोबर आलं होतं म्हणालात?" गाडीपाशी पोचलो तेव्हा ते म्हणाले, "काका, तुम्ही एकटेच आला होतात ना?" दर दहा पावलांमागे थोडी थोडी करून ती त्यांच्यातून निघून जात होती, आणि त्यांना काही टोचतसुद्धा नव्हतं. त्यांनी मला आमच्याच गाडीतून घरी सोडलं. वाटेत त्यांचे गुडघे स्टिअरिंगला आपटत होते. "सीट किती पुढे घेतली आहे हो," म्हणून कुरकुरले.

आता मी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलोय. झोपायचं नाही. तो घड्याळवाला, तोही झोपेतच गेला असणार माझ्यातून. मी कडक कॉफी करून घेतली. तिच्या कपाला कान नाही, तिच्याच हातून तुटला आणि तिने टाकू दिला नाही. त्याच कपात घेतली.

तिचं नाव मी मोठ्याने म्हणतोय. नाव म्हणायचं, मग एक गोष्ट. उजवी टाच घासते. प्लास्टरच्या धुळीने लागोपाठ तीन शिंका देते आणि तिसरीला चिडते. कारल्यासारखं तोंड करून औषध घेते. नवऱ्याचं घर सोडून आली त्या दिवशी दारात उभी राहून म्हणाली, "राहू का?" आणि मी म्हणालो, "पाय पूस." पाय पूस! दुसरं काही सुचलंच नाही मला. तिने पाय पुसले आणि आत आली.

तिच्यावर माझा जीव होता. हे मी तिला म्हणालो नाही, भिंतीला सांगतोय.

कप माझ्या हातात आहे. याला कान का नाही, ते मी आत्ताच सांगितलं होतं. तिनेच तोडला. तिने. नाव म्हणतो. नाव जिभेवर आहे, आत्ता होतं. हनुवटी आईसारखी, म्हणजे माझ्या बायकोसारखी. टाच घासते. कोणती टाच?

८

सकाळी खुर्चीतच जाग आली, मान आखडली होती. घसा बसला होता, कोणाशी रात्रभर भांडल्यासारखा. घरात मी एकटा, भांडणार कोणाशी? बायको गेली, मूलबाळ नाही.

मागच्या खोलीत टेबलावर कवळ्या मांडून ठेवल्या आहेत, ओळीने, काही अर्धवट कानसलेल्या. माझे दात शाबूत आहेत. भाडेकरू ठेवला होता का कधी? शेजारणीला विचारलं तर ती म्हणाली, "तुम्ही कुठले भाडेकरू ठेवताय, तुमचा स्वभाव बघून दोन दिवसांत पळेल." तेही खरंच. त्या खोलीच्या दारातून बाहेर येताना मी बाजूला झालो, कोणाला तरी वाट द्यावी तसा.

साहेब दुपारी आले. अशा डोळ्यांनी मी त्या रात्री टेकडीपर्यंत गाडी चालवत गेलो याचा त्यांना धक्का बसला होता. डोळ्यांचं त्यांना कोणी सांगितलं, की मीच बरळलो, माहीत नाही. किल्लीसाठी मी हातघाईवर येईन अशा तयारीने ते आले असावेत. मी ती काढून त्यांच्या हातावर ठेवली. ती हातात धरवत नव्हती. तिची किळस आली होती मला, आणि कशाबद्दल ते काही सांगता येईना.

आतडं पिळवटतंय आणि कोणासाठी ते कळत नाही, हे डॉक्टरांना सांगायचं कसं? त्यांनी पोट दाबून बघितलं आणि पचनाच्या गोळ्या दिल्या.

पुढच्या शनिवारी बाईंनी आग्रहाने नेलं. आयुष्यात पहिल्यांदा मी पाहुण्यांसारखा रांगेत उभा राहिलो, कठडा धरून. स्टुलावर साहेब होते. रांग सरकली. खस, मग काहीच नाही, पुन्हा काहीच नाही. मी होतो तिथेच उभा राहिलो.

"काका, पुढे सरका," साहेब म्हणाले. "एवढी जागा कशाला सोडलीत? दोन माणसं मावतील."

"पुढे कोणीतरी आहे," मी म्हणालो.

"कोण?"

मी भिंतीकडे तोंड फिरवलं. कोणीतरी एक पुढच्याच्या मानेकडे बघत उभं होतं. त्याच्या मागे, माझ्या अगदी पुढ्यात, आणखी एक, ठेंगणी बाई, कठड्यावरच्या हाताच्या नखांत पांढरी भुकटी. ती कोणाच्या मानेकडे बघत नव्हती. ती वळून माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघणं सोडलं तरच मला ती दिसणार, हे तिला माहीत असावं, कारण मी तोंड फिरवल्याचं तिला वाईट वाटलेलं दिसलं नाही. मी काहीतरी बोलेन म्हणून ती थांबली होती.

मला ती ओळखू आली नाही. मग ती पाठ करून उभी राहिली, पाळीची वाट बघणाऱ्या लहान मुलीसारखी, मान जरा मागे टाकून. माझे दोन्ही हात कठड्यावरून सुटले आणि वर आले. ते थंडगार पडले होते.

"काका, कठडा सोडू नका," साहेब म्हणाले, "अंधारात पडाल."